कोल्हापूरच्या महापालिका शाळा: देणगी कुठे लावावी, तरुणांनी नेमकं काय करावं?

खडूफळा

शाळा जूनच्या मध्यावर उघडतील आणि वह्या-दप्तरं वाटपाची धांदल सुरू होईल. मग विचार करायला कुणाला सवड नसते, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय.

आपल्या शहरात देणाऱ्यांची वानवा नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले कारखानदार, गुजरीतले व्यापारी, पेठापेठांतली तालीम मंडळं, पुण्या-मुंबईत स्थिरावलेली कोल्हापूरकर मंडळी, सगळ्यांना महापालिकेच्या शाळेसाठी काहीतरी करायचं असतं. कॉलेजची मुलंमुलीही हाक मारली की येतात. अडतं ते पुढं. पैसा वस्तूंवर जातो आणि मुलांना "येऊन शिकवा" यापलीकडे काम नेमून दिलं जात नाही.

माझं म्हणणं एवढंच: देणगी माणसांच्या तासांवर लावा, आणि तरुणांना एकच काम द्या. तिसरी ते पाचवीत पोचूनही ज्यांना वाचता येत नाही, त्या मुलांचा रोज एक तास.

याला आधार आहे. 'प्रथम' संस्था १९९५ ला मुंबईत सुरू झाली. तिथे आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत तिने 'बालसखी' नेमल्या: त्याच वस्तीतल्या, शाळा पूर्ण केलेल्या मुली. मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वर्गातून बाजूला घेऊन त्या शाळेच्याच वेळेत रोज दोनेक तास शिकवायच्या. अर्थतज्ज्ञांनी त्याची रीतसर तुलना केली. बालसखी मिळालेल्या शाळांतल्या मुलांचे गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला. कारण उघड आहे. चौथीचं पुस्तक कुणासाठी थांबत नाही. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेचं उद्दिष्ट ५ जुलै २०२१ ला जाहीर झालं, पण ज्याचं तिसरीत राहून गेलं त्याच्यासाठी चौथीच्या तासिकेत जागाच नसते.

आता करायचं कसं.

पहिले दोन आठवडे फक्त चाचणी. मुलांना किती वाचता येतं हे घरोघरी तपासणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणात २००५ पासून वापरतात तीच पद्धत घ्या: एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून. मूल सुटे शब्द वाचल्यासारखं अडखळत असेल किंवा तीनपेक्षा जास्त चुका करत असेल, तर शब्दांकडे उतरायचं. नीट वाचलं तर गोष्टीकडे. पाच शब्दांतले चार बरोबर हवेत, नाहीतर अक्षरं, तिथेही पाचात चार. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात. आधी नाव, घर, भावंडं असं बोलून घ्यावं, कारण घाबरलेलं मूल हमखास एक पायरी खाली दिसतं. चाचणी वर्गासमोर घेऊ नये, आणि गटांना 'अक्षर गट', 'शब्द गट' म्हणण्याऐवजी पक्ष्यांची नावं द्यावीत. मुलांना सगळं कळतं.

मग इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट. एका गटात पंधरा, फार तर अठरा. तास साधारण असा जातो: सुरुवातीला दहा मिनिटं एखाद्या विषयावर गप्पा (काल बाजारात काय पाहिलं, पावसात घरात काय होतं), मग दहा मिनिटं बाराखडीचा तक्ता सगळ्यांनी बोट ठेवून, वीस मिनिटं मोठ्या अक्षरातली एक गोष्ट. ताईने (म्हणजे बालसखीसारखी मानधनावर शिकवणारी वस्तीतली मुलगी) आधी वाचायची, मग सगळ्यांनी, मग जोडीजोडीने, मग एकेकट्याने. उरलेल्या वेळात शब्दांचे खेळ आणि मनाने दोन-तीन वाक्यं लिहिणं. शेवटची पाच मिनिटं ताईच्या नोंदीची. रोज तीच गोष्ट तीन दिवस चालली तरी चालेल.

गणिताचं एक उदाहरण देतो, म्हणजे 'पातळी' कशाला म्हणतात ते कळेल. ४२ वजा १८ दिलं की कितीतरी मुलं उत्तर ३६ लिहितात. मुलाने वजाबाकी केलेली असते, पण मोठ्यातून लहान: आठातून दोन गेले सहा, चारातून एक गेला तीन. त्याला पुन्हा तीच रीत फळ्यावर समजावून काही होत नाही. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात द्या आणि म्हणा, यातल्या अठरा मला दे. आठ सुट्या द्यायला त्याच्याकडे दोनच असतात, म्हणून गठ्ठ्याचं रबर त्यालाच काढावं लागतं. ते रबर त्याने स्वतः काढलं की मग कागदावरचा हातचा कळतो. एका गटाला २०० काड्या आणि रबरांचं एक पाकीट पुरतं.

दर सहा आठवड्यांनी फेरचाचणी, आणि पुढे गेलेलं मूल लगेच वरच्या गटात. इथंच बहुतेक उपक्रम ढिले पडतात. गट जून ते मार्च तसेच राहतात आणि मग तो 'कच्च्या मुलांचा वर्ग' होऊन बसतो.

हिशेबनीस

खडूफळा सर, पैशाची बाजू मी मांडते.

एका शाळेत अशी ६० मुलं धरा. पंधरा-पंधराचे चार गट. दोन ताया, प्रत्येकीकडे दोन गट, म्हणजे दिवसाला दोन तास शिकवणं आणि अर्धा तास तयारी-नोंदी. मानधन महिना ४,००० धरलं तर जुलै ते मार्च नऊ महिन्यांचे ७२,०००. पाच शाळांमागे एक पूर्णवेळ समन्वयक, महिना १५,००० प्रमाणे दहा महिने. त्यातला एका शाळेचा वाटा ३०,०००. साहित्य मुलामागे २५० म्हणजे १५,०००. प्रशिक्षण, म्हणजे सुरुवातीचे पाच दिवस आणि पुढे महिन्यातून अर्धा दिवस, ८,०००. झेरॉक्स-प्रवास ५,०००. एकूण १ लाख ३० हजार. एका मुलामागे वर्षाला दोन हजारांच्या थोडं वर. वर्गात लावायच्या एका मोठ्या इंटरॅक्टिव्ह पॅनेलची किंमत साधारण याच घरात जाते.

मानधन ४,००० कमी वाटेल. तुलनेला, २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० विद्यावेतन ठरलं, पण ते पूर्ण दिवसाच्या कामाचं. आपलं काम अडीच तासांचं आहे. मात्र ते दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात जमा झालंच पाहिजे. दोन महिने थकलं की मुलगी दुसरी नोकरी बघते आणि तिला दोष देता येत नाही.

कंपन्यांकडे जायचं असेल तर कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी निकष लागला तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करणं बंधनकारक. तिसऱ्या निकषात आपल्या भागातल्या बऱ्याच फाउंड्री येऊ शकतात. ज्या संस्थेमार्फत काम करायचं तिची आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, सीएसआर-१ हा सीएसआरचा पैसा घेण्यासाठीचा नोंदणी क्रमांक आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. काल स्थापन केलेल्या ट्रस्टला हा पैसा घेता येत नाही. त्यांनी अनुभवी संस्थेबरोबर काम सुरू करावं.

इथं तीन गोष्टी वारंवार चुकतात.

एक, वेळ. संस्था मार्चमध्ये कंपनीकडे जाते. तेव्हा कंपनीला ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, म्हणून जे लगेच विकत मिळतं ते घेतलं जातं: बाक, पॅनेल, रंगकाम. तासांवर आधारलेला प्रकल्प हवा असेल तर प्रस्ताव जानेवारीत द्या आणि 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या. सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षं तो चालू शकतो, आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते.

दोन, "प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत" हा नियम समन्वयकाच्या पगाराला लावून तो पगारच कापला जातो. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण सीएसआर व्यवस्थापनाची आहे. प्रकल्पावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाचा खर्च. अंदाजपत्रकात तो तसाच दाखवा आणि समजावून सांगा.

तीन, कर्मचाऱ्यांनी येऊन शिकवलेल्या तासांची रुपयांत किंमत काढून ती सीएसआरमध्ये धरता येत नाही. ते यावेत, जरूर यावेत, पण त्या बदल्यात रक्कम कमी होऊ देऊ नका.

वैयक्तिक देणगीदारांसाठी: ८०जीची सवलत रोख २,००० च्या वर मिळत नाही, वस्तूरूप देणगीला मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर नाहीच. त्यामुळे जुने संगणक देऊन कर वाचेल हा समज काढून टाका.

दुसरी ब

महापालिका शाळेतल्या शिक्षकांच्या बाजूनं थोडं कडक लिहिते, राग मानू नका.

बाहेरची मुलं येऊन शिकवणार म्हटलं की शिक्षकांच्या पोटात गोळा येतो आणि त्याला कारण आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, सहावी ते आठवीला ३५ मागे एक. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या राहता कामा नयेत असं कलम २६ सांगतं. स्वयंसेवकाला एकदा वर्गशिक्षक म्हणून उभं केलं की ती रिकामी जागा कुणाच्या डोळ्यावर येत नाही. मग भरतीचा आग्रह कोण धरणार?

दुसरं, दर महिन्याला नवा उपक्रम. आज आरोग्य, उद्या आर्थिक साक्षरता, परवा झाडं. प्रत्येकाला फोटो हवा, अहवाल हवा, कार्यक्रमाला मुलं रांगेत बसलेली हवीत. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर कामं देऊ नयेत असं कलम २७ म्हणतं; देणगीदारांनीही ते स्वतःला लावून घ्यावं. सत्काराच्या अर्ध्या दिवसात पहिलीचे दोन तास बुडतात.

खडूफळा

दुसरी ब ताई, दोन्ही मुद्दे शंभर टक्के मान्य, आणि म्हणूनच करारात चार वाक्यं आधीच लिहून घ्यावीत. ताई वर्गशिक्षकाच्या जागी उभी राहणार नाही. शिक्षक रजेवर असला तरी तिला वर्ग सांभाळायला सांगायचं नाही. कोणती मुलं गटात जाणार ही यादी वर्गशिक्षक आणि ताई मिळून करतील. आणि वर्षात एकच कार्यक्रम होईल, तोही पालकांसमोर मुलांच्या वाचनाचा.

परवानगी महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावी, नुसत्या मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नये. बदली झाली की तोंडी होकारही बदलून जातो. पत्रात शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), दिवस, वेळ, खोली, येणाऱ्यांची नावं आणि जबाबदार व्यक्ती एवढं असावं. केंद्राच्या 'विद्यांजली' पोर्टलवरही शाळा आपली गरज टाकू शकते आणि स्वयंसेवक नोंदणी करू शकतात; पण त्याने प्रत्यक्ष भेटीचं काम भागत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीला बाजूला ठेवू नका. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. तीच शाळा विकास आराखडा करते. देणगीदाराने पहिला प्रश्न विचारावा: आराखड्यात काय लिहिलंय? बैठक दुपारी तीनला ठेवली तर धुणीभांडी करणारी आई आणि फाउंड्रीत पाळीवर असलेला बाप येणार कसे? संध्याकाळी साडेसातला ठेवा, शाळेच्या व्हरांड्यात.

साता समुद्रापल्याड

सांगोवांगी नको, बाहेरची दोन उदाहरणं देतो. दोन्ही शहरी सरकारी शाळांचीच आहेत.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहराच्या शाळांसाठी मार्क झुकरबर्गने २०१० मध्ये १० कोटी डॉलर जाहीर केले, आणि तेवढेच इतरांकडून उभे करायचे ठरले. घोषणा झाली दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात. न्यूअर्कच्या पालकांना आणि शिक्षकांना ती तिथेच पहिल्यांदा कळली. दोन कोटी डॉलरहून जास्त रक्कम सल्लागारांवर गेली, शाळा बंद करण्याच्या आणि हलवण्याच्या निर्णयांवरून लोक रस्त्यावर आले आणि २०१४ च्या महापौर निवडणुकीत हा विरोधच निर्णायक ठरला. पैसा कमी नव्हता. ज्यांची मुलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दुसरं 'सिटी इयर', बोस्टनमध्ये १९८८ ला सुरू झालेलं. अठरा ते पंचविशीतली मुलं एक वर्ष पूर्णवेळ, मानधनावर सरकारी शाळेत काम करतात. त्यांना सगळं जग सुधारायला सांगत नाहीत. हजेरी, वागणूक आणि भाषा-गणितातली प्रगती या तीन खुणा बघायच्या आणि जे मूल घसरायला लागलंय त्याच्याबरोबर काम करायचं. तिथे वर्षाचे दहा टक्के दिवस बुडाले की मूल 'सतत गैरहजर' धरतात. आपल्याकडे पहिली ते पाचवीला कायद्याने किमान २०० दिवस शाळा, म्हणजे २० दिवस. महिन्याला दोन-तीन दिवस दांडी मारणारं मूल कुणाच्या नजरेत भरत नाही, पण वर्षअखेर ते याच यादीत जातं.

दुसरी ब

हजेरीचं फार चांगलं सांगितलंत. यात तरुण खरंच उपयोगी पडतील. दर शनिवारी वर्गशिक्षकाकडून त्या आठवड्यात दोन दिवस चुकलेल्या मुलांची नावं घ्यायची आणि सोमवारच्या आत घरी जाऊन यायचं. राजेंद्रनगर, सदर बाजार, यादवनगर, लक्षतीर्थ वसाहत, विचारे माळ या भागांत बहुतेक कारणं घरी गेल्याशिवाय कळत नाहीत: धाकट्याला सांभाळायला थांबलीय, वडिलांचं काम दुसरीकडे लागलं, गणवेश वाळला नाही. यातली निम्मी कारणं एका भेटीत सुटतात. जे सुटत नाही, उदा. मूल कामाला लागलंय, ते लगेच मुख्याध्यापकांना कळवायचं, स्वतः भांडायला जायचं नाही.

पेठेतला बॅक

भावांनो, तालमीच्या पोरांचं काय ते बोला की. गणपतीला वर्गणी गोळा करायला शंभर पोरं निघत्यात, मैदानावर पाटाकडील विरुद्ध दिलबहार तालमीची फुटबॉल मॅच असली की अख्खी पेठ हजर. हीच ताकद शाळेला लावायची तर दोन कामं आमच्याजोगती हायत.

पहिलं मैदान. महापालिका शाळेच्या पोरांना शाळा सुटल्यावर पाऊण तास फुटबॉल. बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचा बॉल घ्या, पाच नंबर जड जातोय. २० पोरांना चार बॉल, १० शंकू, दोन रंगांची बनियनं, झालं. पोरींचा वेगळा गट करा आणि त्यांना अर्धा तास आधी सोडा. एक गोष्ट कटाक्षानं पाळायची: "वाचता आलं तरच खेळायला" असली अट घालायची न्हाई. जे पोरगं वर्गात मागं हाय ते मैदानावर पुढं असतंय, आणि त्याच जोरावर ते शाळेत येतंय. अट घातली की ते दोन्हीकडनं जातंय.

दुसरं वर्गणी. मंडळानं ठराव करून वर्गणीतला पाच टक्के हिस्सा वस्तीतल्या शाळेतल्या एका ताईच्या मानधनाला दिला तर कायमचा मार्ग होतोय. डॉल्बीचा एक तास कमी केला तरी महिना निघंल.

हिशेबनीस

बॅक दादा, कल्पना एकदम पक्की आहे. कागदाचं तेवढं बघा. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. अर्जात उद्देश लिहिताना उत्सवाबरोबर 'शैक्षणिक साहाय्य' हेही स्पष्ट लिहा. पैसे मुख्याध्यापकांच्या हातात रोख देऊ नका. ताईच्या खात्यात संस्थेमार्फत जाऊ देत आणि पावती मंडळाच्या फलकावर लावा.

पानोपानी

ग्रंथालयाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर ज्या गावात आहे तिथल्या शाळेत पुस्तकं कुलपात असणं बरं दिसत नाही. मुख्याध्यापकांचा दोष नसतो. पुस्तक हरवलं तर त्यांना उत्तर द्यावं लागतं, म्हणून ते कुलूप लावतात. देणगीदाराने पत्रातच लिहावं की वर्षाला दहा टक्के पुस्तकं फाटणं-हरवणं आम्हाला मान्य आहे आणि तेवढी दर जूनमध्ये भरून देऊ. कुलूप त्याच दिवशी निघतं.

दीडशे मुलांच्या शाळेला सुरुवातीला २५० पुस्तकं पुरेत, पण निवड नीट हवी. निम्मी पुस्तकं पानावर एक-दोन ओळींची आणि मोठ्या चित्रांची, पाव भाग छोट्या परिच्छेदांची, उरलेली मोठ्या मुलांसाठी. प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट यांच्याकडे मराठीत चांगली आणि परवडणारी मिळतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापून घ्यायलाही मुभा आहे. घराघरांतून जुनी पुस्तकं गोळा करण्याच्या मोहिमेत जुन्या गाईड, दिवाळी अंक आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं येतात. ती निवडण्यात पोरांचा आठवडा जातो आणि हाती वीस पुस्तकं लागतात. त्यापेक्षा पैसे घ्या.

कपाट नको, दोऱ्या लावा. भिंतीला साडेतीन फुटांवर सुतळी ताणून पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी अडकवली की पहिलीचं मूलही स्वतः निवडतं. सातवीची दोन मुलं प्रत्येक वर्गाचे 'पुस्तकमित्र': देवघेव लिहिणं, फाटलेलं चिकटवणं, मधल्या सुट्टीत लहानांना वाचून दाखवणं त्यांच्याकडे. नेतृत्व म्हणजे कॉलेजच्याच मुलांचं असं नाही.

शाहूपुरी५वी

सगळं वाचलं, उपयोगी आहे. दोन शंका. एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) कॉलेजची मुलं फुकट मिळत असताना मानधनावरच्या ताया कशाला? आणि शाळेला आरओ आणि डिजिटल बोर्ड द्यायचं आमच्या ग्रुपचं ठरलंय, ते चुकीचं आहे का?

खडूफळा

एनएसएसला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि सात दिवसांचं शिबिर. नव्या अभ्यासक्रमात समाजसंपर्काचे दोन श्रेयांक धरले तर ६० तास. ही मुलं हवीतच, पण त्यांचं वेळापत्रक बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सत्र परीक्षा, मग दिवाळी, मार्चपासून पुन्हा परीक्षा. मुलांचा गट नेमका जमायला लागतो तेव्हा शिकवणारा गायब. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावच्या स्वयंसेवकांकडून वाचन-वर्ग घेतले गेले. जी मुलं गेली ती वाचायला शिकली, पण वर्ग शाळेबाहेर आणि ऐच्छिक होते, त्यामुळे बहुसंख्य मुलं गेलीच नाहीत. म्हणून रोजचा गट शाळेच्या वेळेत आणि मानधनावरच्या ताईकडे. वस्तीतल्या बारावी झालेल्या मुली, डी.एड. होऊन टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी करणारे मुलगे-मुली, लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या सुना, यांना हे काम जमतं. कॉलेजच्या मुलांना चाचणी, पुस्तकं, मैदान, शनिवारची हजेरी-फेरी आणि डिसेंबरचं शिबिर. दोन वर्षं टिकलेल्या ताईलाच पुढचा समन्वयक करा, बाहेरून आणू नका. वस्ती तिचं ऐकते.

आरओचं: आधी नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा, दोनशे-तीनशे रुपयांचं मीटर मिळतं. ५०० च्या आत असेल तर आरओ नको, तो निम्म्याहून जास्त पाणी गटारात सोडतो. गाळणी आणि यूव्ही पुरे. टाकी तीन महिन्यांनी धुण्याचे आणि फिल्टर बदलण्याचे पैसे तीन वर्षांचे आधीच बाजूला ठेवा. डिजिटल बोर्डाचं तसंच: अर्थिंग, स्टॅबिलायझर, तीन वर्षांचा देखभाल करार, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आणि वापरणाऱ्या शिक्षकांचं दोन वेळा प्रशिक्षण. एवढं जमत असेल तर जरूर द्या.

आणि शाळा निवडताना जरगनगरसारख्या नावाजलेल्या शाळेकडेच धावू नका. तिथं प्रवेशासाठी पालक रांगा लावतात. महापालिकेची शाळा काय करू शकते याचा तो पुरावा आहे, अभिमानाची गोष्ट आहे. पण ज्या शाळेचा पट ७० वर आलाय, जिथं अर्ध्या मुलांच्या घरी कन्नड, हिंदी किंवा उडिया बोलतात, तिथं एक ताई जास्त फरक पाडते.

दुसरी ब

सुरक्षिततेचं राहिलं, आणि ते सगळ्यात आधी हवं. येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस चारित्र्य पडताळणी. एका मुलाबरोबर बंद खोलीत कुणी एकटं बसायचं नाही. गट व्हरांड्यात किंवा दार उघडं ठेवून. मुलांचे वैयक्तिक नंबर घ्यायचे नाहीत, घरी सोडायला जायचं नाही, फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाही. हजेरीच्या घरभेटीला दोघं, त्यातली एक मुलगी. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या शाळेच्या सखी सावित्री समितीत कोण आहे हे पहिल्या दिवशी माहीत करून घ्या. काही संशयास्पद कळलं तर पोक्सो (बाललैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. "आधी खात्री करू" म्हणून थांबायचं नाही. मुलांना १०९८ हा चाइल्डलाइनचा मदत नंबर पाठ हवा.

शाहूपुरी५वी

धन्यवाद ताई, सर. ग्रुपमध्ये मांडतो. बोर्डाचे पैसे दोन तायांकडे वळवता येतील असं दिसतंय. एकच शेवटचं: जुलै-ऑगस्टमध्ये पूर आला तर? आमच्या डोक्यात शुक्रवार पेठेकडची शाळा आहे.

खडूफळा

मग २०१९ आणि २०२१ समोर ठेवूनच आखा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. ३९ ची बातमी आली त्याच दिवशी पुस्तकं, चाचणीचे कागद, काड्यांचे गठ्ठे झाकणाच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये भरून वरच्या मजल्यावर. दोन क्रेट एका गटाला पुरतात. शाळा निवारा केंद्र झाली तर पंधरा दिवस वर्ग मिळणार नाहीत हे गृहीत धरा. पण मुलं कुठं जातात हे बहुतेक ठरलेलं असतं. सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलतात. ताईकडे मुलांची यादी आणि पालकांचे नंबर कागदावर हवेत, मोबाईल चार्ज नसतो. एक क्रेट उचलून तिथंच सकाळी एक तास गट घ्यायचा, आणि निवारा केंद्राच्या प्रमुखांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. पाणी उतरल्यावर आधी फेरचाचणी घ्या, मुलं एक पायरी घसरलेली असतात. मानधन त्या महिन्यातही पूर्ण द्या.